खळ्याचा कोबा: रंधा कधी, थापी कधी

नवं खळं करून दोन हंगाम होत नाहीत, तोवर झाडू मारला की पांढरी पूड उडायला लागते. हळकुंडं ढिगाला ओढताना तीच पूड त्यांच्या अंगाला चिकटते आणि सौद्यात हळद हातात घेणारा माणूस ती बघतोच. मग घरात चर्चा सुरू होते, मिस्त्रीनं सिमेंट कमी घातलं म्हणून. अशा बऱ्याच खळ्यांत सिमेंट पुरेसं पडलेलं असतं. रंधा (माल सपाट करायची लाकडी फळी) आणि थापी (तो गुळगुळीत करायचं लोखंडी हत्यार) नको त्या वेळी फिरलेली असते.

वाईपासून मिरजेपर्यंत कृष्णाकाठी हळद शिजवून वाळवायला काँक्रीटचं खळं लागतंच. पहिल्यांदाच असं खळं करून घेणाऱ्या शेतकऱ्यांसाठी आणि मिस्त्रीच्या हाताखाली नुकत्या लागलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. जमिनीवरचा चार इंची कोबा, म्हणजे काँक्रीटची जमीन, डोळ्यासमोर आहे. अंगण, गोठा, गाडी लावायची जागा यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल. गच्चीच्या स्लॅबचं थोडं वेगळं आहे, ते पुढे येईल.

पाणी वर का येतं

ओतलेला माल स्थिर झाला की खडी, वाळू आणि सिमेंट जड म्हणून हळूहळू खाली बसतात आणि पाणी वर सुटतं. पट्टी ओढून माल सपाट केल्यावर थोड्या वेळानं कोबा ओला चमकायला लागतो, ते हेच पाणी. ते येणारच, त्यात मालाचा दोष नाही. पण ते वर असताना थापी फिरवली की ते वरच्या दोन-तीन मिलिमीटरच्या थरात परत घोटलं जातं. खालच्या काँक्रीटला बेतानं पाणी आणि वरच्या थराला भरमसाट, असं होऊन बसतं. जिथं रोज पाय, फावडं आणि झाडू लागणार तोच थर सगळ्यात कच्चा राहतो. पुढे त्याची पूड होते, पापुद्रे निघतात, नाहीतर बारीक जाळीदार भेगा पडतात.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. खालून पाणी यायचं थांबलेलं नसताना वरचा थर घोटून बंद केला, तर पाणी आणि हवा त्याच्या खाली अडकतात. काही दिवसांनी तिथं टिचकी मारली की पोकळ वाजतं आणि भरलेली ट्रॉली एकदा फिरली की कपचा उडतो.

म्हणून या कामात एकच गोष्ट नीट ओळखायला शिकायची आहे: वरचं पाणी आपोआप गेलं का, आणि माल धरायला, म्हणजे घट्ट व्हायला, लागला का. बाकीच्या पायऱ्या त्याच्या आगेमागे येतात.

महिना आणि तास निवडा

हळद निघते जानेवारीपासून पुढे, त्यामुळे खळं दिवाळीनंतर ते डिसेंबरपर्यंत ओतलेलं बरं. जमीन पावसाळ्यानंतर बसलेली असते, ऊन सोसवतं आणि शिजलेली हळद पडायच्या आत कोब्याला महिनाभर मिळतो.

थंडीत सकाळी लवकर ओता. रात्र गार असते, माल उशिरा धरतो. दुपारी ओतलात तर थापी मारायला मध्यरात्रीपर्यंत जागावं लागेल आणि त्या वेळी कोणी जागत नाही. एप्रिल-मेमध्ये करणं भागच असेल तर ऊन कलल्यावर, चारच्या पुढे सुरू करा आणि हॅलोजन लावून रात्री घोटाई करा. भर उन्हात अकराला ओतलेला माल वरून सुकतो आणि आतून ओला राहतो. त्यावर कोणाचाच हात नीट बसत नाही.

माण, खटाव, जत, आटपाडी या बाजूला उन्हापेक्षाही वाऱ्याची भीती जास्त धरा.  कोरडा वारा सुटला की वर आलेलं पाणी आल्या आल्या उडून जातं आणि डोळ्याला कोबा 'तयार' दिसतो. याबद्दल पुढे.

ओतायच्या आधी

काळ्या रानात थेट कोबा करू नका. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते आणि वरचा कोबा कितीही देखणा असला तरी फाटतो. माती काढून मुरूम भरा, पाणी मारून थराथरानं धुम्मस करा किंवा रोलर फिरवा. ओतण्याआधी मुरूम ओला हवा, पण डबकं नको. कोरडा मुरूम मालातलं पाणी खालून शोषतो आणि जिथं जास्त शोषलं तिथं माल लवकर धरतो. एकाच चौकटीत निम्मा कोबा घट्ट आणि निम्मा गिलगिला, असं मग होतं.

खळ्याचे दहा बाय दहा फुटांचे चौकोन पाडा आणि एकाआड एक ओता. चार इंच जाडीच्या अशा एका चौकोनाला साधारण ३३ घनफूट माल लागतो, म्हणजे एक-दीड-तीनच्या (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणात साडेसात-आठ गोण्या सिमेंट. दोन मिस्त्री एका वेळी किती चौकोन घोटू शकतील तेवढेच त्या दिवशी ओता. मिक्सर भाड्यानं आणलाय म्हणून सगळं खळं एका दिवसात उरकायचं, हा हिशोब अंगाशी येतो. मिक्सर जेवढ्या वेगानं माल देतो तेवढ्या वेगानं माणसाचा हात घोटू शकत नाही. चौकोनांच्या कडा याच सांध्याचं काम करतात, त्यामुळे वेगळे काप घ्यावे लागत नाहीत. एकसलग पट्टा ओतलाच, तर जास्तीत जास्त दहा फुटांवर एक इंच खोल काप त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे कटरनं घ्या. तुम्ही उशीर केला तर कोबा स्वतःच फाटायची जागा निवडतो.

उतार दर दहा फुटांना सव्वा इंच ठेवा. खुंट्यांना दोरी बांधून, लेव्हल ट्यूब लावून, फळ्या त्या उताराला पक्क्या करा. घोटाईच्या वेळी उतार दुरुस्त करता येत नाही.

पाण्याचं माप गोणीवर ठरवा. भारतीय मानक आयएस ४५६ मध्ये एम-२० च्या नेहमीच्या मिश्रणाला (वरचं एक-दीड-तीन तेच) ५० किलोच्या गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितलं आहे, आणि त्यात ओल्या वाळूतलं पाणीही धरायचं असतं. मिक्सरवरचा पोरगा नजरेनं पाणी सोडतो. त्याला मापाची बादली द्या. पातळ माल ओढायला सोपा, पण वर पाणी जास्त सुटतं आणि तुमचं थांबणं लांबतं. पाणी पिण्यालायक असेल तर काँक्रीटला सहसा चालतं. नदीकाठच्या क्षारपड रानातल्या खारट विहिरीचं मात्र टाळा.

आता ऊस पिकवणाऱ्या गावांसाठी खास सूचना. मळीचं, काकवीचं किंवा गुळाचं पिंप धुऊन त्यात मिक्सरचं पाणी भरू नका. साखर सिमेंटचं धरणं जबरदस्त लांबवते. सिमेंटच्या वजनाच्या दहा हजारात पाच भाग, म्हणजे एका गोणीमागे अवघी २५ ग्रॅम साखर फरक पाडायला पुरते. धुतलेल्या पिंपाच्या तळाशी तेवढी सहज राहते. मग संध्याकाळ झाली तरी कोबा मऊच, आणि सगळे सिमेंटच्या कंपनीला शिव्या देत बसलेले.

ओतणं, पट्टी, पहिला हात

माल चौकटीत पसरा, धोपटून किंवा व्हायब्रेटरनं बसवा, कोपरे आणि फळीची कड विसरू नका. ॲल्युमिनियमची पट्टी दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर टेकवून, करवतीसारखी आडवी हलवत ओढा. पट्टीपुढे सतत थोडा माल असू द्या, म्हणजे खड्डे राहत नाहीत.

पट्टीच्या मागोमाग, पाणी वर यायच्या आत, लांब दांड्याचा लाकडी रंधा एकदा फिरवून घ्या. गुळगुळीतपणासाठी हा हात नसतो. वर आलेली खडी दाबायची आणि पट्टीच्या रेघा मोडायच्या, एवढंच. चमक दिसायला लागली की हात काढून घ्या. या क्षणापासून कोब्याला कोणी हात लावायचा नाही.

थांबणं

कामाचा सगळ्यात अवघड भाग हाच, कारण यात काहीच करायचं नसतं. ठेक्यावर आलेल्या टोळीला दुसऱ्या कामावर जायचं असतं, टेम्पो उभा असतो, आणि ओल्या कोब्याकडे बघत चार माणसं बसलेली मालकालाही आवडत नाहीत. म्हणून ठेका ठरवतानाच बोलून घ्या: "मामा, माल ओतून झाला की बाकीची टोळी सोडा, पण घोटणारे दोघं शेवटपर्यंत पाहिजेत. त्यांची हजेरी मी वेगळी देतो." ते चार पैसे पुढच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतात.

किती वेळ थांबायचं? अंदाज असा धरा: डिसेंबरच्या सकाळी, पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं) सिमेंट, वारा नाही, तर अडीच-चार तास. मार्चच्या उन्हात दीड-दोन. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात तासाभरातही वेळ येते. ओपीसी ५३ (साधं, मिसळ नसलेलं सिमेंट) पीपीसीपेक्षा लवकर धरतं. मालात प्लास्टिसायझर (कमी पाण्यात माल सैल करणारं रसायन) किंवा सेटिंग लांबवणारं रसायन असेल, आणि आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या, गाडीतून आलेल्या मालात ते बहुधा असतंच, तर गाडीवाल्याला विचारून घ्या. खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला असेल तर पाणी फक्त वरूनच जाणार, म्हणून जास्त थांबावं लागतं. भुकटी जास्त असलेल्या क्रश सँडच्या (दगड फोडून केलेल्या वाळूच्या) मालावर पाणी कमी दिसतं. त्याला फसू नका, धरायला तोही वेळ घेतोच.

हे आकडे चहा कधी मागवायचा ते ठरवायला ठीक आहेत. रंधा उचलायचा तो कोबा बघून. चिंचेच्या सावलीतला चौकोन आणि उन्हातला चौकोन एकाच वेळी ओतलेला असला तरी त्यांच्यात तासाभराचा फरक पडू शकतो. सुरुवात उन्हाच्या बाजूनं करा, मग आधी कुठलाही चौकोन ओतलेला असो.

वेळ आली हे कसं ओळखायचं

पहिली खूण चमक. पाण्याची झाक जाऊन सगळा पृष्ठभाग मंद, करडा दिसायला हवा. बसून, उजेडाच्या समोरून, तिरक्या नजरेनं बघा; उभ्यानं वरून बघितलं तर ओल कळत नाही.

दुसरी खूण पाऊल. रबरी बूट घालून कडेच्या चौकोनात एक पाय सावकाश टेका. टाच अर्धा इंच रुतली तर अजून थांबा. ठसा साधारण पाव इंच किंवा त्याहून कमी खोल आणि त्यात पाणी सुटत नाही, ही हाताच्या रंध्याची वेळ. ठसा जेमतेम उमटतो, तेव्हा लोखंडी थापी. ठसा उमटतच नाही, तर उशीर झालाय.

तिसरी खूण रंधा स्वतः सांगतो. कोपऱ्यात एक हात मारून बघा. रंध्यापुढे पाणचट चिखल जमला तर लवकर आहे. रंधा थोडा अडकत, खरखरत चालला आणि मागे दाट, लोण्यासारखा नव्हे, रवाळ थर उठला, तर बरोबर.

वाऱ्यात या खुणा फसवतात. गरम दुधावर साय धरावी तसा वरचा पातळ थर सुकतो आणि खाली सगळं ओलं असतं. चमक गेलेली, पण पाय ठेवला की कोबा गादीसारखा दबतो आणि बाजूला लाट उठते. शंका आली तर फूटभर पारदर्शक प्लॅस्टिक कोब्यावर पसरून कडा दाबून ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी खाली ओल जमलेली दिसली, म्हणजे पाणी अजून येतंय आणि वारा ते परस्पर नेतोय. मग वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री किंवा हिरवी शेडनेट उभी करा, कोब्यावर सैल प्लॅस्टिक झाका आणि वाट बघा. फवारणीच्या पंपानं कोब्याच्या वरच्या हवेत बारीक तुषार सोडले तरी चालतं. ते कोब्यावर साचू द्यायचे नाहीत. वरून इतक्या झपाट्यानं सुकणारा कोबा घोटायच्या आधीच फाटतो, आणि त्या भेगा कधीकधी अख्ख्या जाडीतून जातात.

रंधा, मग थापी

दीड-दोन फूट चौरस प्लायवुडचे दोन तुकडे घ्या. एकावर गुडघे, एकावर पाय. मागे मागे सरकत काम करा. लाकडी रंधा गोल फिरवत चढउतार मोडा, खडी खाली दाबा, कडेला आणि कोपऱ्याला जास्त लक्ष द्या, कारण फळीजवळ माल आधी धरतो. कुठं पाणी साचलेलं दिसलं तर रबरी पाईपचा तुकडा वरून ओढून ते चौकटीबाहेर काढा, आत घोटू नका.

रंध्यानंतर परत थांबा, थंडीत अर्धा-पाऊण तासही. मग लोखंडी थापी. पहिला हात जवळजवळ सपाट ठेवा. थापीची कड उचलली तर लाटा उठतात. दुसऱ्या हाताला कड थोडी उचला आणि दाब वाढवा. थापी कोब्यावर घासताना आवाज बदलतो, ओली चपचप जाऊन कोरडा, खणखणीत सूर येतो. तळहात लावून बघितला तर हाताला सिमेंट लागत नाही. खळ्याला असे दोन हात पुरतात. आरशासारखं काळं होईपर्यंत घोटायची हौस दिवाणखान्यात भागवा; फार गुळगुळीत खळ्यावर दवाच्या सकाळी माणसं घसरतात.

गोठ्याला थापी लावूच नका. रंध्यानंतर कडक खराटा उताराच्या दिशेनं एकदाच ओढा, म्हणजे जनावराचा पाय धरतो आणि मूत वाहून जातं. खराट्यानं खडी उपटून येत असेल तर थोडं थांबा. गच्चीच्या स्लॅबलाही रंध्यापर्यंतच जा. त्यावर पुढे विटांच्या तुकड्यांचं वॉटरप्रूफिंग येणार असतं आणि त्याला धरायला खरखरीत पृष्ठभाग लागतो.

दोन सवयी ज्यांना नाही म्हणायचं

पाणी सुकेना, म्हणून घमेल्यातून कोरडं सिमेंट भुरभुरवायचं आणि लगेच घोटायचं, ही पहिली. बघायला कोबा सुंदर दिसतो, मिस्त्री खूश, मालक खूश. पण वरचा थर आता नुसत्या सिमेंट-पाण्याचा झाला. तो खालच्यापेक्षा जास्त आकसतो, जाळी पडते आणि पापुद्रे सुटतात. जुने लोक लाल कोब्याला सिमेंट आणि रंग वरून देत, पण पाणी गेल्यावर, माल धरताना आणि मापानं. पाणी शोषायला सिमेंट टाकणं म्हणजे ती पद्धत नव्हे.

दुसरी सवय: उशीर झाला, थापी चालेना, म्हणून कुंच्यानं पाणी शिंपडायचं. याचा परिणाम लवकर घोटण्यासारखाच, पूड. उशीर झालाच असेल तर जितका रंधा बसतो तितका बसवा आणि सोडून द्या. खरखरीत खळं वापरता येतं. फारच खुपलं तर महिन्यानं मशीननं घासून घेता येईल.

मध्येच पाऊस आला तर आधी झाका. पाऊस थांबल्यावर वरचं पाणी ओढून काढा, पुन्हा पावलाची खूण बघा, मगच हत्यार उचला. डिसेंबरातही एखादी अवकाळी सर येते. ताडपत्री पहिल्या दिवसापासून रानात असू द्या.

पाणी मारणं

थापीचा शेवटचा हात झाला, बोटानं दाबून ठसा उमटेना, की ओलं गोणपाट पसरा. दुसऱ्या दिवशी सकाळी मातीचे किंवा वाळू-सिमेंटच्या मसाल्याचे बांध घालून वाफे करा आणि पाणी साठवा. गोणपाट साखरेच्या किंवा गुळाच्या पोत्यांचं नको, कारण वर सांगितलंच. मानकाप्रमाणे ओपीसीला किमान सात दिवस, पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किंवा कोरड्या, गरम हवेत किमान दहा दिवस ओल हवी. मिश्र सिमेंटला चौदा दिवस केलं तर उत्तम. शेतीपंपाची वीज पाळीनं येते, कधी रात्री, म्हणून टाकी किंवा पिंपं भरून ठेवा. एक दिवस ओलं, एक दिवस कोरडं, असं केलेलं पाणी मारणं वरच्या थराला भोवतं, आणि ज्या पुडीसाठी एवढा खटाटोप केला ती याही वाटेनं येते. सात दिवसांच्या आत ट्रॉली चढवू नका, आणि शिजवलेली गरम हळद ओतायला अठ्ठावीस दिवस जाऊ द्या.

ज्यांचं खळं आधीच पूड सोडतंय त्यांनी वर सिमेंटचा धोया (पातळ लेप) देऊ नये, तो एका हंगामात सोलून निघतो. तारेच्या ब्रशनं घासा, धुवा, पूर्ण वाळू द्या आणि नखानं ओरखडून बघा. नख वरवर फिरत असेल तर सिलिकेटवर आधारलेलं फ्लोअर हार्डनर (पृष्ठभाग कडक करणारं रसायन) पाजून काम भागतं. नख रुतत असेल तर तो थर मशीननं घासून काढल्याशिवाय वर काहीच टिकणार नाही.